यंत्र कोणाचे ऐकते?



कात्रजच्या तळ्याचे पाणी पुण्यात कसे जात असे, हे कात्रजकरांना सांगावयास नको. नानासाहेब पेशव्यांच्या काळी, अठराव्या शतकाच्या मध्यास, येथे बांध घालून जमिनीखालून दगडी नळ शनिवारवाड्यापर्यंत नेला गेला, आणि वाटेवरच्या पेठांतून हौद भरू लागले. नळाला जागोजाग उच्छ्वास ठेवलेले होते, गाळ खाली बसावा अशी सोयही केलेली होती. हौदावर घागर बुडविणाऱ्या बाईला पाणी कोठून आले हे विचारावे लागत नसे. या नळाची आठवण आम्ही मुद्दाम प्रारंभीच काढून ठेवीत आहोत. पुढे ती उपयोगी पडेल.

आजचा विषय संगणकाचा आहे. माणूस संगणकासमोर बसतो, कळफलकावर काही टंकतो, आणि ते यंत्राच्या आत जाते. हे ‘आत जाणे’ कसे घडते, आणि निरनिराळ्या संगणकभाषांनी माणसाचे म्हणणे ऐकून घेण्याच्या कोणकोणत्या रीती पाडल्या, त्याचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. आयुष्य कामगारांच्या सभा-मोर्चांत गेलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण शाळेत थोडेच झाले; उरलेले युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, जुनी पुस्तके चाळीत झाले. तेव्हा पंडितपणाचा दावा नाही. परंतु या विषयाने आमची वाट अडविली होती, म्हणून तो शिकणे आम्हांस भाग पडले.

ती हकीकत अशी. कात्रज-आंबेगावच्या बाजूला बांधकामावर विटा वाहणारी एक बाई. एका कार्यालयात नोंदणी करावयास आम्ही तिला घेऊन गेलो. तिच्या सगळ्या कागदांवर तिचे नाव आणि नवऱ्याचे नाव एवढेच. आडनाव कोठेच नाही. मेजापलीकडचा कारकून भला होता. तो म्हणाला, “मावशी, आडनाव टाकल्याशिवाय मशीन पुढे जात नाही.” बाई म्हणाली, “आडनाव नाही, दादा.” कारकुनाने क्षणभर विचार केला, आणि आडनावाच्या चौकटीत ‘नाही’ असे टंकून तो पुढे गेला. महिन्याने कार्ड आले, त्यावर बाईचे आडनाव ‘नाही’ असे छापलेले. आम्ही हसलो. पुढे कार्डावरचे नाव आणि बँकेच्या पासबुकातले नाव जुळेना, आणि तिच्या मुलीच्या शिष्यवृत्तीचे पैसे अडकले, तेव्हा हसू थांबले.

सात महिने आम्ही खेपा घातल्या. प्रत्येक मेजावर उत्तर एकच: “मशीन घेत नाही.” साहेब म्हणत मशीन घेत नाही, शिपाई म्हणे मशीन घेत नाही. शेवटी तो प्रोग्राम लिहिणारा मुलगा आम्हांस सापडला. तोही कंत्राटीच होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “काका, काही लोकांना आडनाव नसतं, हे मला कोणी सांगितलंच नाही.” एक ओळ त्याने बदलली. आम्ही मागविलेला चहा येण्यापूर्वी त्याचे काम झाले होते.

त्या दिवशी घरी परतताना आमच्या मनात प्रश्न आला, की सात महिने आम्हांस नाही म्हणणारे कोण होते? यंत्र तर नव्हते. त्याच मुलाकडून आम्ही रविवारी दोन-दोन तास शिकू लागलो.

संगणकाच्या प्रारंभीच्या काळी यंत्राशी बोलण्याचा मान सामान्य माणसाला नव्हताच. आपल्या मुंबईचेच उदाहरण घ्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञांनी स्वतः बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव दिले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत. त्याला काही सांगावयाचे तर कागदाच्या फितीला भोके पाडून ती फीत त्याला भरवावी लागे. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे परदेशी यंत्र आले, तेव्हा फितीच्या जागी पुठ्ठ्याची कार्डे आली. संशोधकाने कार्डांचा गठ्ठा द्यावा आणि निकालाची वाट पाहावी. ‘कॉन्सोल’ म्हणजे यंत्र चालविणाऱ्याचे मेज. त्यावर बसण्याचा अधिकार त्या एकट्याचा. यंत्राचा वेळ महाग आणि माणसाचा स्वस्त, असा हिशेब होता, म्हणून माणसाने थांबावयाचे.

त्या काळची मुख्य भाषा फोर्ट्रान. आयबीएम कंपनीत जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९५७ साली बाहेर आणली. तिच्यात माहिती आत घेण्याची आज्ञा ‘रीड’, म्हणजे वाच. परंतु काय वाचावयाचे ते कार्डावरच्या रकान्यांनी ठरे. कार्डाला ८० रकाने; पहिला आकडा अमुक तीन रकान्यांत, दुसरा पुढच्या पाचांत, असे आधी बांधून द्यावे लागे. या रीतीतली एक गोष्ट ऐकून आम्ही थक्क झालो. आकड्याच्या जागेत रकाना रिकामा राहिला, तर जुने फोर्ट्रान त्याला शून्य समजत असे. तीन रकान्यांच्या जागेत १२ हा आकडा उजवीकडे सरकवून लिहिला, तर तो १२. डावीकडून लिहिला, तर शेवटच्या रिकाम्या रकान्याचे शून्य होऊन १२०. हजेरीचे दिवस असे वाचले गेले तर पगारपत्रकाचे काय होईल, हे आमच्या श्रोत्यांना सांगणे नको. पुढे फोर्ट्रान ७७ या आवृत्तीने रिकाम्या जागेचा अर्थ कोणता घ्यावयाचा हे सांगण्याची सोय केली. ध्यानात घ्या, की रिकामी जागा म्हणजे शून्य, हा काही गणिताचा नियम नव्हे. तो माणसांनी केलेला ठराव होता, आणि माणसांनीच पुढे बदलला.

कचेऱ्यांसाठी १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत एका समितीने कोबॉल ही भाषा तयार केली. तिच्यावर ग्रेस हॉपर या विदुषीच्या आधीच्या कामाची छाप होती. तिच्यात फायलींतून नोंदी घेण्यासाठी ‘रीड’ आणि कॉन्सोलवरच्या माणसाकडून घेण्यासाठी ‘ॲक्सेप्ट’, म्हणजे स्वीकार, अशा दोन निराळ्या आज्ञा होत्या. कामगाराची हजेरी आणि पगार फायलींतून येई. ‘स्वीकार’ हा शब्द यंत्र चालविणाऱ्यासाठी. ज्याचा पगार निघावयाचा तो या संभाषणात कोठेच नव्हता.

हा हिशेब पालटण्यास प्रारंभ झाला तो १९६१ साली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी एकच यंत्र अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत करून दाखविली. टंकयंत्रासारखे एक-एक उपकरण प्रत्येकापुढे, आणि यंत्र क्षणाक्षणाने प्रत्येकाकडे वळणारे. त्यानंतर डार्टमथ महाविद्यालयात केमेनी आणि कर्ट्झ या दोन गणिताच्या प्राध्यापकांनी, विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, या हेतूने बेसिक ही भाषा केली. तिचा पहिला प्रोग्राम चालला तो १ मे १९६४ च्या पहाटे. कामगारदिनाच्या पहाटे हे घडावे, याचे आम्हांस उगाच बरे वाटते. त्या प्राध्यापकांच्या ते ध्यानीमनीही नसेल.

प्रारंभीच्या बेसिकमध्ये आकडे प्रोग्रामच्या पोटातच लिहून ठेवावे लागत. १९६६ सालच्या आवृत्तीत ‘इनपुट’ ही आज्ञा आली. ती आली की यंत्र एक प्रश्नचिन्ह छापी, आणि थांबे. माणूस उत्तर टंकून कळ दाबीपर्यंत ते पुढे जात नसे. इतकी वर्षे माणूस यंत्रासाठी थांबत होता. आता यंत्र माणसासाठी थांबू लागले. आमच्या पहिल्या धड्याच्या दिवशी पडद्यावर एक रेघ लुकलुकत होती, आणि आम्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसलो होतो. मुलगा म्हणाला, “काका, ते थांबलंय. तुमच्या उत्तराची वाट बघतंय.” इतक्या वर्षांच्या वाटाघाटींत मालकपक्ष आमच्या उत्तरासाठी असा थांबल्याचे आम्हांस आठवत नाही.

परंतु थांबणे म्हणजे ऐकणे नव्हे. भाषा-भाषांतला भेद येथेच दिसतो. आकडा मागितला आणि माणसाने चुकून अक्षर टंकले, तर काय करावयाचे? पुढे घरगुती संगणकांवर जे बेसिक आले, त्याच्या कित्येक आवृत्त्या अशा वेळी ‘पुन्हा पहिल्यापासून सांगा’ अशा अर्थाचा संदेश देत आणि तोच प्रश्न परत विचारीत. १९७० साली झ्युरिकच्या निकलाउस विर्थ यांनी केलेली पास्कल ही शिस्तीची भाषा मात्र अशा वेळी बहुधा काम टाकून उभी राही. पास्कलची दुसरीही एक गंमत होती. फायलीतले पुढचे अक्षर आधीच उचलून हातात धरावयाचे, अशी तिची मूळ रीत. कार्डांच्या गठ्ठ्याला ती शोभली. परंतु समोर माणूस बसला, तेव्हा यंत्र प्रश्न छापण्यापूर्वीच उत्तराचे पहिले अक्षर मागू लागले. प्रश्नाआधी उत्तर मागणारे साहेब आम्ही पाहिले आहेत. यंत्रातही ती रीत होती, आणि पुढे लोकांना युक्ती काढून ती दुरुस्त करावी लागली.

आता कात्रजच्या नळाकडे वळू. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स ही व्यवस्था आकाराला येत होती, आणि १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी तिच्यासाठी सी ही भाषा सिद्ध केली. युनिक्सचा विचार असा, की प्रोग्रामने माहिती कोठून येते याची चौकशीच करू नये. त्याच्यापर्यंत एक प्रवाह येतो. त्याच्या मुखाशी कळफलक असो, फाईल असो, की दुसरा प्रोग्राम असो. एका प्रोग्रामचे बोलणे दुसऱ्याच्या कानात सोडण्याची सोय १९७३ साली झाली, आणि तिला त्यांनी नावही दिले ‘पाइप’, म्हणजे नळ. हौदावरच्या बाईप्रमाणे प्रोग्रामने घागर लावावी आणि पाणी घ्यावे. कल्पना सुंदर, आणि आजही जगभर चालू आहे.

परंतु नळाचे पाणी तपासावे लागते, आणि घागरीचे मापही पाहावे लागते. सी भाषेत एक ओळ वाचून घेण्याची ‘गेट्स’ नावाची सोय होती. घागर किती मोठी आहे हे ती पाहतच नसे. येईल तेवढे ओतीत राही. सांडलेले शेजारच्या जागेत जाई, आणि तेथे यंत्राच्या पुढच्या कामाचे धागे असत. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत एका विद्यार्थ्याने एक स्वतःहून पसरणारा प्रोग्राम जाळ्यावर सोडला. त्याच्या वाटांपैकी एक हीच होती. दूरच्या यंत्रावर कोण काम करीत आहे हे सांगणारा एक लहानसा प्रोग्राम ‘गेट्स’ वापरून विचारणा वाचीत असे. त्याची घागर ५१२ अक्षरांची, आणि या पाहुण्याने ५३६ पाठविली. हजारो यंत्रे ठप्प झाली. त्या लहान प्रोग्रामला कळफलक आणि दूरचे गाव यांतला फरक ठाऊकच नव्हता. एवढे होऊनही ‘गेट्स’ सी भाषेच्या प्रमाणग्रंथातून काढून टाकण्यास २०११ साल उजाडले. धोका ठाऊक असणे आणि नियम बदलणे यांत तेवीस वर्षे गेली. कारखान्यातल्या उघड्या पट्ट्यांविषयी आमचा अनुभव फारसा निराळा नाही.

उलट दिशेची चूकही झाली. १९९१ साली आलेल्या पायथन या भाषेत ‘इनपुट’ ही आज्ञा माणसाने टंकलेले केवळ वाचीत नसे, तर ते आज्ञा समजून अमलात आणीत असे. हिशेबनिसाने ‘आकडा सांगा’ म्हणावे, समोरच्याने ‘तिजोरी उघड’ म्हणावे, आणि तिजोरी उघडावी, असा तो प्रकार. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ही रीत बदलली. आता माणसाने सांगितलेले अक्षरशः जसेच्या तसे हाती येते. त्याचा अर्थ लावणे प्रोग्राम लिहिणाऱ्याकडे. आम्ही पहिल्या दिवशी दोन दिवसांची मजुरी ४५० आणि ५०० अशी टंकली, आणि बेरीज आली ४५०५००. यंत्राने दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले होते. हे आकडे आहेत, असे त्याला सांगितले तेव्हा ९५० आले. जावा भाषेत हेच काम करावयास प्रथम तीन पायऱ्या चढाव्या लागत: एकीकडून नुसते अंक येत, दुसरी त्यांची अक्षरे करी, तिसरी अक्षरांच्या ओळी लावी. २००४ साली ‘स्कॅनर’ आला आणि कामे सोपी झाली.

अक्षरांचा विषय निघाला, तेव्हा आपल्या अक्षरांकडे येऊ. ‘कात्रज’ हा शब्द आपण तीन अक्षरांचा मानतो. यंत्राच्या आजच्या युनिकोड पद्धतीत तो सहा चिन्हांचा होतो: क, काना, त, हलन्त, र आणि ज. आणि प्रत्येक चिन्हाला तीन प्रमाणे तो साठविताना अठरा घरे व्यापतो. सी भाषेत एकच अक्षर वाचण्याची जी जुनी सोय आहे, ती लावली तर तिच्या हाती कात्रजचा अठरावा हिस्सा येतो. त्याला धड ‘क’ही म्हणता येत नाही. कारण ती सोय करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी अक्षरे होती, आणि ते एकेका घरात मावत.

या प्रश्नावर मोठे काम झाले ते आपल्या पुण्यात. १९८८ साली येथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. पुढे परम महासंगणकामुळे तिचे नाव झाले. परंतु कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’चे कामही तिने पुढे नेले. साध्या संगणकात एक जादा पट्टी बसवावयाची, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्राममध्येही देवनागरी टंकता यावी आणि पडद्यावर दिसावी. भारतीय लिप्यांची संकेतावली १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तीत कात्रजला सहाच घरे पुरत. प्रोग्राम बदलण्याची वाट न पाहता माणसाला त्याच्या लिपीत बोलू द्यावयाचे, हा त्यातला विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो.

आणि तरीही भेद उरलाच आहे. मजुरी ‘४५०’ अशी देवनागरी आकड्यांत टंकली, तर पायथन आणि जावा यांच्या आकडा ओळखण्याच्या नेहमीच्या सोयी ती मान्य करतात. सीच्या ‘स्कॅनएफ’ला मात्र तो आकडाच वाटत नाही. बसच्या पाटीवर ज्या आकड्यांनी आपण गाडी ओळखतो, ते एका भाषेला कळावेत आणि दुसरीला न कळावेत, याचे कारण यंत्रात शोधून सापडणार नाही.

आता आमच्या चळवळीविषयी दोन शब्द, आणि ते आत्मपरीक्षणाचे आहेत. १९६० नंतरच्या दशकात विमा कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध मोठा लढा दिला. पुण्याच्याच प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्वयंचलनावर १९७२ साली अहवाल दिला. बँकांतला १९८३ सालचा करार यंत्रे कोठे आणि किती बसवावयाची यावर झाला. हे लढे व्यर्थ होते असे म्हणणाऱ्यांतले आम्ही नाही; पोटाचा प्रश्न पहिला. परंतु आम्ही जागा मोजल्या, भत्ते मोजले, यंत्रे मोजली. यंत्र कोणता प्रश्न विचारणार आणि कोणते उत्तर नाकारणार, हे ठरविताना तेथे आमचे कोणी असावे, अशी मागणी आमच्या तोंडून निघाली नाही. ती निघाली असती, तर विटा वाहणाऱ्या बाईला सात महिने हेलपाटे घालावे लागले नसते.

हा सारा इतिहास आम्ही का सांगितला, ते आता ध्यानात आले असेल. रिकाम्या जागेला शून्य समजणे, चुकीच्या उत्तरावर काम टाकून देणे, पुन्हा विचारणे, माप न पाहता ओतून घेणे, ऐकलेले खरे मानून अमलात आणणे, देवनागरी आकडा ओळखणे किंवा न ओळखणे: या साऱ्या रीती कोणी ना कोणी माणसांनी ठरविल्या आणि पुढे माणसांनीच बदलल्या. तेव्हा ‘मशीन घेत नाही’ हे वाक्य अपुरे आहे. ‘मशीनने घेऊ नये असे कोणीतरी ठरविले आहे’, हे पुरे वाक्य. अपुऱ्या वाक्याशी भांडता येत नाही. पुऱ्या वाक्याशी येते, कारण त्यात माणूस आहे.

म्हणून आमच्या संघटनेने आता आपल्या मागणीपत्रात एक कलम घातले आहे. कामगारांची नोंद घेणारा कोणताही प्रोग्राम लागू करण्यापूर्वी त्यातले प्रश्न कामगारांना वाचून दाखवावेत. रिकाम्या उत्तराला रिकामेच मानावे. चूक झाल्यास पुन्हा विचारावे. आणि नाव जसे असेल तसे, मराठीत, घ्यावे. हे कलम अजून सर्वत्र मान्य झालेले नाही. एके ठिकाणी साहेब म्हणाले, “हे तांत्रिक आहे, तुम्हांला कळणार नाही.” आम्ही त्यांच्याच मेजावर, त्यांच्याच संगणकावर, चार ओळींचा प्रोग्राम लिहून दाखविला. त्याने नाव विचारले, आडनाव विचारले, आणि आडनावाच्या जागी काहीच न टंकता कळ दाबली, तेव्हा तो निमूटपणे पुढे गेला.

त्या बाईचे नवे कार्ड आले आहे. त्यावर तिचे नाव आहे, नवऱ्याचे नाव आहे, आणि त्यापुढची जागा रिकामी आहे.